आधी वारा, मग रेघ

पहाटे ५.३०

गच्चीवरच्या बांबूला बांधलेली कापडी पट्टी सरळ खाली लोंबतेय. वारा नाही. वहीत तारीख, वेळ आणि 'शांत' एवढंच लिहितो. ऑक्टोबर लागला की ही नोंद मी रोज ठेवतो. पहाटे, सकाळी दहाला, दुपारी दोनला आणि दिवेलागणीला. पावसाळाभर नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येणारा वारा या महिन्यात पडतो, चार-आठ दिवस कुठूनही वाहतो आणि मग हळूहळू उत्तर-ईशान्य धरतो. शेतात काम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. माझ्यासारख्या कागदावर रेघा ओढणाऱ्याला मात्र ते मुद्दाम शिकावं लागतं.

मी आयटीआयत निदेशक आहे, ट्रेड आरेखक स्थापत्य. घराचा प्लॅन, जिन्याचा सेक्शन, रस्त्याचा कॅम्बर, पुलाचा पाया हे सगळं आमची मुलं वर्षभर काढतात. दुसऱ्या वर्षाला मी एक शीट स्वतःहून घालतो, ती म्हणजे जुहूच्या जुन्या विमानतळाचा आराखडा. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात विमानतळ नाही, बहुतेक मुलांनी विमान जवळून पाहिलेलंही नसतं. तरी ही शीट मला सोडवत नाही. घराच्या प्लॅनमध्ये भिंत चुकली तर ती पाडून पुन्हा बांधता येते. जमिनीवर लांब रेघ कुठून कुठे जाईल हे एकदा ठरलं की ती पुढची शंभर वर्षं गावाला वळवत राहते. हा अंदाज मुलांच्या हातात यावा असं मला मनापासून वाटतं.

सकाळी ६.३५

चहा घेताना घड्याळात ही वेळ दिसली की १५ ऑक्टोबर १९३२ ची सकाळ आठवते. त्या दिवशी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. टाटांनी कराचीच्या ड्रिघ रोड मैदानावरून पस मॉथ उडवलं. लंडनहून इंपीरियल एअरवेजनं कराचीपर्यंत आलेली टपाल तिथून अहमदाबादमार्गे मुंबईला आणि पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला न्यायची होती. पिशव्यांचं वजन साधारण २५ किलो. विमान एका इंजिनाचं, १२० अश्वशक्तीचं, बंद केबिनचं. रेडिओ नाही. जमिनीवरून वाट दाखवणारं काही नाही. खाली दिसणारा किनारा, नद्या आणि रेल्वेचे रूळ, शेजारी नकाशा.

ड्रिघ रोडची एक गोष्ट मी शीट सुरू करण्याआधी सांगतोच. तिथं त्या वेळी एक राक्षसी शेड उभी होती. इंग्लंडहून आर-१०१ नावाचं हवाई जहाज, म्हणजे एअरशिप, येणार, म्हणून १९२७ च्या सुमारास ती बांधली होती. ते जहाज ५ ऑक्टोबर १९३० ला फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं आणि शेड रिकामीच राहिली. म्हणजे टाटांच्या हवाई टपालाचं पहिलं विमान, जेमतेम साडेसात मीटर लांबीचं, ज्या मैदानावरून उडालं तिथं कधीच न आलेल्या यानासाठी बांधलेली इमारत होती. आणि ते जिथं उतरणार होतं, त्या जुहूला झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी. विमानतळाचा आराखडा इमारतीपासून सुरू करू नये, हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

सकाळी ८.३०

प्रार्थना, हजेरी. शहाद्याची एसटी वेळेवर, नवापूरकडची मुलं पॅसेंजर गाडीनं आलेली. धडगाव आणि अक्कलकुव्याची मुलं वसतिगृहात राहतात, ती सगळ्यात आधी बोर्डाशी उभी. शीट लावणं, कडेला क्लिपा, मिनी ड्राफ्टर बसवणं. बॉर्डर आणि टायटल ब्लॉक काढायला वीस मिनिटं देतो.

मग फळ्यावर लिहितो: स्केल १:२५००. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच मीटर. जुहूची मुख्य धावपट्टी ११४३ मीटर. "कागदावर किती?" मागच्या बाकावरून आकडा येतो, ४५७.२ मिलिमीटर. बरोबर. ए-वन शीटवर ती आरामात बसते, आणि हात लगेच पेन्सिलीकडे जातात.

इथं मी थांबवतो. अजून रेघ नाही. आधी उत्तर दिशा. उत्तरेचा बाण प्रत्येकानं शीटच्या वरच्या कोपऱ्यात काढायचा, नंतर वेळ उरला तर म्हणून नव्हे, सगळ्यात आधी. घराच्या प्लॅनमध्ये मुलं तो सवयीनं शेवटी चिकटवतात, कारण तिथं निभावून जातं. इथं निभावत नाही. धावपट्टीचं नावच उत्तरेपासून मोजलेल्या कोनावरून पडतं. होकायंत्रावर ८० अंशांकडे तोंड असेल तर शेवटचं शून्य काढून ०८. त्याच पट्टीवर उलट बाजूनं आलात तर २६० अंश, म्हणून २६. जुहूची मुख्य पट्टी ०८/२६, म्हणजे जवळजवळ पूर्व-पश्चिम. आडवी पट्टी १६/३४. हे आकडे पट्टीच्या टोकांना मोठ्या पांढऱ्या अक्षरांत रंगवलेले असतात. वैमानिकाला आपण बरोबर जमिनीवर उतरतोय की नाही, हे आकाशातून वाचता यावं म्हणून.

सकाळी १०.००

आता वारा. वहीतली दहाची नोंद करायला एका मुलीला कार्यशाळेच्या गच्चीवर पाठवतो. मुलांनी मागच्या आठवड्यात सुती कापडाचा विंडसॉक शिवला आहे, तो तिथल्या पाइपावर चढवलाय. ती खाली येऊन सांगते, "वारा बदली गया, सर." काल पश्चिमेचा होता, आज उत्तरेकडून, हलका. वर्गात अहिराणी चालते, पावरी आणि भिलीही कानावर पडते. वाऱ्याचं बोलणं मात्र प्रत्येकजण आपापल्या घरच्या भाषेतच करतो, हे माझ्या लक्षात आलंय.

विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उडतं. पंखांना हवा कापायची असते, जमिनीच्या वेगाशी त्यांचं देणंघेणं नसतं. समोरून वारा आला की कमी धावण्यात काम होतं. आजची जड विमानं आडवा वारा बराच सहन करतात. १९२०-३० ची हलकी विमानं, मागच्या बाजूला टेकूसारखी घासत जाणारी दांडी, समोर इंजिनाचं नाक आडवं आलेलं, त्यांना आडवा वारा सहज कलंडवायचा.

म्हणून तेव्हाच्या मैदानांना मुळात धावपट्टीच नसायची. आराखड्यात असायचं एक सपाट, शक्यतो चौरस किंवा गोलसर गवताळ मैदान. वारा जिकडून असेल तिकडे तोंड करून उतरा. मैदानावर पांढऱ्या कापडाचा किंवा फळ्यांचा मोठा 'टी' ठेवायचे. उभी दांडी वाऱ्याला समांतर, आडवी काडी वाऱ्याच्या बाजूला. वैमानिकानं दांडीवरून आडव्या काडीच्या दिशेनं यायचं. वारा फिरला की माणूस जाऊन टी फिरवायचा. एका काठीला फुगणारी कापडी नळी. मैदानाच्या मधोमध मोठं वर्तुळ, बऱ्याच ठिकाणी जवळच गावाचं नाव, वरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. शेड आणि पेट्रोलची जागा एका कोपऱ्यात, म्हणजे उरलेल्या सगळ्या बाजूंनी यायला-जायला मोकळं.

हा आराखडा मला फार देखणा वाटतो. कागदावर तो जवळजवळ रिकामा दिसतो, आणि त्या रिकामेपणातच सगळा विचार आहे. लंडनच्या क्रॉयडनला १९२० मध्ये जगातला पहिला नियंत्रण मनोरा उभा राहिला आणि १९२८ मध्ये खास विमानप्रवाशांसाठी बांधलेली इमारत, पण मैदान तिथंही गवताचंच होतं. त्याच १९२८ मध्ये जुहूचं मैदान सुरू झालं, भारतातलं पहिलं नागरी विमानतळ. बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच वर्षीचा. याच क्लबात शिकून जेआरडींनी १० फेब्रुवारी १९२९ ला वैमानिकाचा परवाना मिळवला. भारतात दिलेला तो पहिला, क्रमांक १.

मुलं आता मुंबईचा वारा काढतात. मध्यबिंदूतून आठ दिशा, प्रत्येक दिशेला वारा जितका वेळ वाहतो तितकी लांब पाकळी. याला विंड रोझ म्हणतात. मी आकडे देत नाही, मुंबईचं वागणं सांगतो. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा आणि जोराचा. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून, म्हणजे पूर्व-ईशान्येकडून मंद, आणि दुपार झाली की समुद्राकडून, पश्चिम-वायव्येचा. "पाकळ्या कुठे लांब होतील?" पंधरा मिनिटांत बहुतेक कागदांवर आडव्या पसरलेल्या, पूर्व-पश्चिम ताणलेल्या आकृत्या दिसू लागतात. आता मी म्हणतो, काढा रेघ. त्या पाकळ्यांवरून पट्टी ठेवली की कोन आपोआप ८० अंशांच्या आसपास येतो. एक मुलगा अर्धा उठून बघतो आणि म्हणतो, "सर, रेघ तर वाऱ्यानंच ओढली."

वर्षात एखाददुसरं वाक्य असं येतं.

दुपारी १२.३०

जेवणाची सुट्टी. आवारातल्या निंबाखाली डबे उघडतात. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, कुणाच्या डब्यात उडदाची डाळ. मी त्यांच्यातच बसतो.

नंदुरबारला दसऱ्यापासून लाल मिरचीचा हंगाम धरतो. बाजार समितीत गाड्या लागतात आणि गावाबाहेर व्यापाऱ्यांच्या पथाऱ्या पसरतात, नजर पोहोचेल तिथपर्यंत लाल. एका प्रशिक्षणार्थ्याची आई पथारीवर देठ खुडायला जाते. त्याला मी सहज विचारलं, पथारीला जागा कशी निवडतात? तो सांगत गेला. मुरमाड हवी, काळी माती चिकटते. किंचित उतार हवा, अवकाळी आला तर पाणी उभं राहता कामा नये. झाडं जवळ नकोत, सावली पडते. वाऱ्याला मोकळं. आणि रस्त्याला लागून, कारण माल उचलायचा असतो.

मी डबा बाजूला ठेवला. जमीन कशाची, उतार किती, पाणी कुठे जाईल, वाऱ्याला अडथळा कोणता, रस्ता किती लांब: विमानतळाची जागा बघायला गेलेला अभियंता हेच पाच प्रश्न विचारतो. या मुलाला वाटत होतं की आपण कधी न पाहिलेली गोष्ट शिकतोय. जेवण झाल्यावर त्याच्याकडून हे पुन्हा, सगळ्या वर्गापुढे सांगवून घेतलं.

दुपारी १.५०

याच वेळेला, १ वाजून ५० मिनिटांनी, पस मॉथ जुहूला उतरलं. मधे अहमदाबादला पेट्रोल भरलं होतं. ते बैलगाडीतून आलं होतं, चार-चार गॅलनच्या डब्यांतून, आणि हातानं टाकीत ओतलं होतं. विमानतळाच्या आराखड्यात इंधनाची जागा का दाखवायची, हे मुलं त्या बैलगाडीवरून चटकन समजतात.

नकाशावर अहमदाबाद ते मुंबई रेघ ओढली तर ती आधी नर्मदेच्या मुखाजवळून आणि मग तापीच्या मुखाजवळून जाते. दोन्ही आमच्या नद्या. नर्मदा आमच्या जिल्ह्याची उत्तर सीमा आणि तापी प्रकाशाच्या घाटाखालून वाहते. रेडिओ नसलेल्या वैमानिकाला किनाऱ्यावर या मुखांची रुंदी फार उपयोगी पडत असणार, कारण त्या किनाऱ्यावर चुकू न देणारी अशी खूण दुसरी क्वचितच. धडगावच्या मुलीनं शीटच्या रिकाम्या कोपऱ्यात आजूबाजूचा परिसर दाखवणारा छोटा की-प्लॅन काढला आणि त्यात नर्मदा जरा जास्तच ठळक काढली. मी ती रेघ तशीच राहू दिली.

जुहूला नेव्हिल विन्सेंट थांबले होते. शाही हवाई दलातून निवृत्त झालेले हे वैमानिकच या टपालसेवेची कल्पना घेऊन टाटांकडे आले होते. मद्रासची टपाल घेऊन ते पुढे निघाले, रात्री बेल्लारीला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी मद्रास.

आता जमिनीकडे. तेव्हाचं जुहूचं मैदान म्हणजे समुद्राजवळची चिखलपट्टी. कोरड्या दिवसांत पाया कठीण, पश्चिमेला समुद्र. वाऱ्याच्या हिशेबानं जागा उत्तम. पाण्याच्या हिशेबानं? मुलांना मी कंटूर आणि भरतीची रेषा दाखवतो आणि विचारतो, जुलैत इथं काय होईल? उत्तर यायला वेळ लागत नाही. मैदान पाण्याखाली जाईल.

तेच व्हायचं. ही टपालसेवा खरं तर १९३२ च्या सप्टेंबरमध्येच सुरू व्हायची होती, पावसामुळं महिनाभर पुढे गेली. आणि पुढच्या वर्षांत पावसाळा आला की टाटांच्या हवाई टपालाचा सगळा संसार, विमानं, अवजारं, माणसं, उचलून पुण्याला न्यावा लागे. तिथं येरवडा तुरुंगाशेजारच्या मैदानावर उतरायची परवानगी मिळाली होती. ज्या १९३२ मध्ये त्या तुरुंगात पुणे करार झाला, त्याच वर्षी ही सेवा सुरू झाली. या दोन गोष्टी मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर असतात. जमिनीवर त्या एकमेकींना लागून आहेत.

या ठिकाणी मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. मैदानाचा सेक्शन काढून घेतो. मध्य किंचित उंच, दोन्ही बाजूंना उतार, कडेनं नाला. उंचीचं स्केल वाढवून, नाहीतर उतार दिसतच नाही. भरतीच्या पाण्याची पातळी निळ्या पेन्सिलीनं. ती निळी रेघ नाल्याच्या तळाच्या वर आली की नाला समुद्राकडे वाहणार नाही, समुद्र नाल्यातून आत येईल. हे मुलांना स्वतःच्या रेघेत दिसायला हवं. दोन मुलांनी नाल्याला उतार उलटा दिला होता. त्यांना मी उत्तर सांगितलं नाही, पाणी कुठून कुठे जातंय तो बाण काढायला लावला. बाण काढताच दोघांनी खोडरबर शोधलं.

दुपारी ३.००

वरून आता ट्रेसिंग पेपर. जुहूला १९३६ पर्यंत दोन धावपट्ट्या झाल्या. गोल मैदानाचा काळ सरत होता, विमानं जड होत होती आणि गवत पुरेनासं झालं होतं. पट्टी पक्की करायची म्हटलं की सगळ्या दिशांना करता येत नाही, म्हणून मग एक मुख्य दिशा आणि एक आडवी, उरलेल्या वाऱ्यासाठी. जुहूच्या शीटवर दुसरी पट्टी १६/३४ अशी आडवी टाकली की एक कललेली फुली तयार होते.

मग स्केल लहान करून, वेगळ्या शीटवर, जुहूशेजारी सांताक्रूझ काढायला सांगतो. दुसऱ्या महायुद्धात शाही हवाई दलानं वापरलेलं ते विमानतळ युद्धानंतर मुंबईचं मुख्य विमानतळ झालं आणि प्रवासी विमानं जुहूहून तिकडे गेली. दोन्हींत अंतर जेमतेम साडेतीन किलोमीटर. सांताक्रूझची मुख्य पट्टी ०९/२७, आडवी १४/३२. मुलं प्रोट्रॅक्टर लावतात, रेघा ओढतात आणि वर्गात कुजबुज सुरू होते. शीटवर दोन फुल्या, एक लहान, एक मोठी. मुख्य पट्ट्यांच्या आकड्यांत एकाचाच फरक. दोन्ही पूर्व-पश्चिम, जवळजवळ एकमेकींच्या पुढे. समुद्राकडून पूर्वेला तोंड करून येणाऱ्या विमानाला आधी जुहू लागतं, मग सांताक्रूझ.

"चुकत नाहीत का, सर?" हा प्रश्न येईपर्यंत मी बोलत नाही.

चुकले आहेत. १९५३ च्या जुलैत ब्रिटनच्या बीओएसी कंपनीचं कॉमेट, जगातलं पहिलं प्रवासी जेट, सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. सगळे सुखरूप होते, पण एवढ्या छोट्या पट्टीवरून ते परत उडवायला कित्येक दिवस गेले. आणि २४ सप्टेंबर १९७२ च्या सकाळी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ समुद्रावरून येऊन जुहूलाच उतरलं. पट्टी संपली तरी ते थांबू शकलं नाही. माणसं जखमी झाली, कुणाचा जीव गेला नाही, विमान मात्र कायमचं निकामी झालं.

मी प्रत्येकाला पस मॉथ आणि डीसी-८ ही दोन्ही विमानं १:२५०० च्याच स्केलवर काढायला लावतो. पस मॉथचे पंख ११.२ मीटर, कागदावर साडेचार मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान. डीसी-८ चे पंख ४३ मीटरहून जास्त, कागदावर सतरा मिलिमीटर. ती सतरा मिलिमीटरची आकृती ४५७ मिलिमीटरच्या पट्टीवर ठेवली की मुलं गप्प होतात. हातात पट्टी असलेल्या माणसाला अपघाताचं वर्णन सांगावं लागत नाही.

यात वैमानिकांची चूक मोठी की आराखड्याची, यावर आज बराच वेळ वाद झाला. माझं मत मी लपवत नाही. सांताक्रूझची दिशा चुकीची नव्हती, तिथंही वारा तोच होता. एकाच वाऱ्यानं दोन रेघा ओढल्या तर त्या समांतर पडणारच. पण शेजारी काय आहे ते न दाखवणारा आराखडा अपुरा असतो. म्हणून माझ्या वर्गात की-प्लॅनला गुण असतात, आणि ते कमी नसतात.

संध्याकाळी ५.००

बोर्ड झाकले, टी-स्क्वेअर खुंटीला. घरी जायच्या घाईत असलेल्या मुलांना दारात एक गोष्ट सांगतो, कारण ती आमच्या बाजूची आहे. १९२८ चा तो बॉम्बे फ्लाइंग क्लब आज विमान चालवायचं प्रशिक्षण धुळ्याला देतो, गोंदूरच्या विमानतळावर. मुंबईच्या आकाशात शिकाऊ विमानांना जागा उरली नाही. जुहूवर आता मुख्यतः हेलिकॉप्टरं, पवन हंसची आणि इतरांची. आणि नंदुरबार १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. म्हणजे भारतात पहिला परवाना मिळवणारा माणूस ज्या क्लबात शिकला, त्या क्लबाचं प्रशिक्षण आज आपल्या खानदेशात चालतं. शहाद्याकडची दोन मुलं लगेच म्हणाली की त्यांनी शेतावरून जाणारं लहान विमान पाहिलंय. कुठल्या दिशेनं जात होतं, हे विचारल्यावर दोघांनी एकाच बाजूला हात केला.

जेआरडी १५ ऑक्टोबर १९८२ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी, पुन्हा कराचीहून जुहूला आले होते, लेपर्ड मॉथ चालवत, एकटे. त्या वेळच्या मुंबईत त्या एवढ्याशा विमानाला उतरायला जुहूची पट्टी जागेवर होती, ही मला त्या उड्डाणाइतकीच मोठी गोष्ट वाटते. शहराच्या मध्यातली, समुद्राकाठची, सोन्याच्या भावाची जमीन. तिथं इमारती उभारायचा मोह किती झाला असेल. रेघ टिकली.

रात्री ८.३०

शीट तपासायला घरी आणल्या आहेत. लाल पेन मी कमी वापरतो. उत्तरेचा बाण आहे का, वाऱ्याची आकृती पट्टीच्या आधी काढली आहे का, नाला कुठे संपतो हे दाखवलंय का, आजूबाजूला काय आहे हे दिसतंय का. अक्षर सुंदर असेल तर आनंदच, पण आधी हे चार. आज एका शीटवर नाला शीटच्या बॉर्डरला टेकून संपला होता. त्यावर लिहिलं, 'इथून पुढे पाणी कुठे?' आणि परत करायच्या गठ्ठ्यात ठेवली. दुसऱ्या एकीनं झावळ्यांची शेड ईशान्य कोपऱ्यात दाखवली होती आणि बाजूला बारीक अक्षरात कारणही लिहिलं होतं, पश्चिमेची वाट मोकळी राहावी म्हणून. या शीटला पूर्ण गुण.

शेवटी गोंदूरच्या भेटीसाठीचा अर्ज लिहायला घेतला. प्राचार्यांच्या सहीनं उद्या जाईल. भेटीचा उद्देश या रकान्यात 'शैक्षणिक' एवढं लिहूनही चाललं असतं. मी सविस्तर लिहिलं: प्रशिक्षणार्थ्यांना विंडसॉकची जागा आणि उंची पाहू द्यावी, पट्टीच्या टोकाला रंगवलेले आकडे होकायंत्रानं पडताळू द्यावेत, पट्टीच्या कडेचा नाला जिथे संपतो तिथपर्यंत चालत जाऊ द्यावं. सोबत आणणार: मोजपट्टी ३० मीटर, डंपी लेव्हल एक, स्टाफ एक, होकायंत्रं पाच. उड्डाणं सुरू असताना पट्टीपासून दूर थांबू, आणि आपण सांगाल ती वेळ आम्हाला सोयीची असेल.